आक्कांना घेऊन तेर्मेझला

वर्षावासात आमच्या उदगीरच्या विहारात एका निवृत्त प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. धम्म भारताबाहेर कुठे कुठे गेला, हा विषय. श्रीलंका, ब्रह्मदेश, चीन असं करत ते उझबेकिस्तानात आले आणि म्हणाले, तिथे अमू दर्या नावाच्या नदीकाठी तेर्मेझ म्हणून शहर आहे. त्या शहराबाहेर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक विहार मातीखालून वर काढलाय, आणि त्यातला छोटा स्तूप अजून उभा आहे. व्याख्यान संपलं. कुणाला काही विचारायचंय का, असं ते म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेतून माझ्या नणंदबाई उठल्या.

"तिथं जाता येतं का?" त्यांनी विचारलं.

लोक हसले. प्राध्यापकही हसले आणि म्हणाले, येत असणार, पण मी काही गेलेलो नाही. आक्का खाली बसल्या. मी मात्र घरी आल्यावर चष्मा लावून मोबाईलवर ते गाव शोधत बसले.

आक्का म्हणजे गयाबाई, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. उदगीरच्या लेक, नांदेड जिल्ह्यातल्या हदगावात दिलेल्या. नवरा गेल्यावर पाच एकर कापूस त्यांनीच पाहिला. शाळा सातवीपर्यंत. त्या वर्षी त्यांना पासष्ट पूर्ण झाली होती आणि दोन्ही गुडघे गेलेले होते; नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून ठेवलं होतं. मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. ऑपरेशनच्या ट्रॉलीवर कोणत्या क्रमानं काय ठेवायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. निवृत्त झाल्यावर या सवयीचं काय करावं ते कळत नव्हतं. आक्कांच्या प्रश्नानं मला काम मिळालं.

उदगीर, हदगाव, नांदेड

ज्यांना असं कुठे जायचं असेल त्यांच्यासाठी आधी तयारीचं सांगते, कारण प्रवास आठ दिवसांचा झाला आणि तयारी तीन महिन्यांची.

पहिली अडचण पासपोर्टची. माझा लातूरला सहज झाला. आक्कांचा नांदेडला करायचा होता. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ लिहिलेलं होतं "उदगीर, जि. उस्मानाबाद", आणि फॉर्मवर मी भरलं होतं लातूर, कारण उदगीर आता लातूर जिल्ह्यात आहे. कार्यालयातल्या साहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि यातलं खरं कोणतं असं विचारलं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर आक्काच पुढे झाल्या.

"साहेब, मी जन्मले तवा उदगीर बीदर जिल्ह्यात व्हतं. शाळंत गेले तवा उस्मानाबादेत गेलं. लेकरं मोठी झाली तवा लातूर जिल्हा नवा झाला. गाव तिथंच हाय, हालेलं न्हाई. आता उदगीरचाच जिल्हा करतेत म्हणून बोर्ड लागून राहिलेत. तो झाल्यावर मी परत यायचं का, तेवढं सांगा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मनापासून हसले. मग लातूरच राहू दे म्हणाले.

पण बोटांचे ठसे उमटेनात. कापूस वेचून आणि निंदणी करून आक्कांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. यंत्र तीनदा नाही म्हणालं. पंधरा दिवसांनी पुन्हा या, तोवर हात जरा मऊ करा, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. मी आक्कांना उदगीरला घेऊन आले आणि रोज दोनदा ग्लिसरीन लावायला लागले. भांडी घासायची नाहीत, झाडू धरायचा नाही, कणीक मळायची नाही. आक्का खुर्चीत बसून हात मांडीवर उताणे ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की भावजयीनं मला नवरी करून बसवलंय. दुसऱ्या खेपेला दहातली आठ बोटं उमटली आणि काम झालं.

मग बूट. आक्कांनी जन्मात चप्पल सोडून काही घातलं नव्हतं. नवे बूट ऐन प्रवासात घालू नयेत, दोन महिने आधीपासून पायांना सवय करावी. मी त्यांना एक नंबर मोठे, मऊ तळाचे बूट घेतले आणि हदगावात रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितलं. नऊवारी आणि पांढरे बूट असा त्यांचा फेरा बाजारातून निघाला की लोक विचारत, आक्का, माहूरला निघालात का? त्या सांगत, हाव, माहूरच्या जरा पुढं.

खाण्याचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि चार दिवस टिकतील असे धपाटे. माझ्या यादीत पासपोर्टच्या तीन झेरॉक्स, व्हिसाचे दोन छापील कागद, प्लॅस्टिकचा मग, सुई-दोरा, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी, दोन चादरी आणि औषधं होती. औषधांवर मी फार मेहनत घेतली. त्या देशात काही गोळ्या न्यायला बंदी आहे, हे मी वाचून ठेवलं होतं. त्यातली एक आक्कांना चालू होती. ती मी डॉक्टरांना विचारून बदलून घेतली. मग सगळ्या गोळ्या मी वारांच्या सात कप्प्यांच्या डबीत सुट्या करून भरल्या आणि पाकिटं जागा खातात म्हणून घरीच ठेवली. स्वतःवर फार खूश होते मी तेव्हा. फक्त रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर आठवल्या म्हणून पाकिटासकट पर्समध्ये टाकल्या.

सगळ्यात अवघड तयारी माझ्या यजमानांची झाली. ते येणार नव्हते. विमान आपल्याला जमणार नाही असं ते म्हणाले, आणि खरं तर घरी कुणीतरी हवंच होतं. त्या वर्षी पाऊस श्रावणातच गेला होता. उदगीरला नळ दहा-बारा दिवसांनी यायचा आणि कधी येईल त्याचा नेम नसायचा. टाकी आधी भरायची, मग पिण्याचे हंडे गाळून, मग टीप म्हणजे मोठं पिंप, मग बादल्या; कपडे धुतलेलं पाणी संडासाला; हे मी त्यांना तीन वेळा करून दाखवलं आणि कागदावर लिहून दाराला चिकटवलं. ते शांतपणे म्हणाले की मी चाळीस वर्षं शाळा चालवली आहे, नळ चालवीन.

हदगावकडेही काही बरं नव्हतं. कापसाची झाडं गुडघ्याएवढी राहिली होती आणि बोंडं सुपारीएवढी. असल्या वर्षी फिरायला जायचं का, असं आक्कांच्या मुलानं विचारलं. आक्का त्याला म्हणाल्या की मी शेताकडे बघत बसले तर पाऊस येणार असेल तर सांग, बसते. त्यानंच मग आम्हाला नांदेडला गाडीत बसवून दिलं.

ताश्कंद

दिल्लीहून विमानानं तीन तास लागतात. एवढा जवळ आहे हा देश, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी आम्ही उतरलो. सामान तपासणाऱ्यांत एक पस्तिशीतल्या बाई होत्या, निळा गणवेश, कानात मोत्याचे खडे. त्यांनी माझी बॅग उघडायला सांगितली आणि विचारलं, "दोरी? दोरी?"

मला नवल वाटलं. आपल्या बॅगेत दोरी आहे हे यांना कसं कळलं, आणि दोरीत एवढं काय आहे? मी तळातून नायलॉनची दोरी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, शेजारच्या माणसाला दाखवली, आणि दोघांनाही हसू आवरेना. बाई पुन्हा म्हणाल्या, "दोरी", आणि तोंडात गोळी टाकून पाणी पिण्याची खूण केली. त्यांच्या भाषेत दोरी म्हणजे औषध.

आक्का मागून म्हणाल्या, "दवा-दारूतली दारू म्हणून राहिल्या त्या, शीला. दवा दाखव."

मी सात कप्प्यांची डबी अभिमानानं पुढे केली. तिथे हसणं थांबलं. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी सुट्या गोळ्या; कशावर नाव नाही. त्या बाईंना थोडं हिंदी येत होतं, सिनेमे बघून शिकलेलं. त्यांनी फार नम्रपणे विचारलं की ही कोणती, ती कोणती, कशावरून? डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण चिठ्ठीतलं नाव आणि डबीतली गोळी एकच आहे हे सिद्ध कसं करणार? आयुष्यभर मी पेशंटना हेच सांगत आले होते की गोळी पाकिटातून काढून ठेवू नका, नाव दिसलं पाहिजे. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या परत दिल्या, सुट्या गोळ्या ठेवून घेतल्या आणि मला एका कागदावर सही करायला लावली. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही ठेवून घेतल्या असत्या.

आक्कांच्या गुडघ्याच्या गोळ्या त्यातच होत्या.

आम्ही टॅक्सीत बसलो. आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या पाटातून झुळझुळ पाणी वाहत होतं, झाडांना. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "भर रस्त्यात पाट. अन् कुणी बघून बी न्हाई राहिलं त्याच्याकडं."

आम्ही एका घरगुती गेस्टहाउसात उतरलो होतो. मधे अंगण, अंगणात डाळिंबाचं झाड आणि त्याखाली चौथऱ्यासारखा लाकडी पलंग. त्यावर बसून सगळे चहा पितात. घरमालकीण बाईंनी बिनदुधाचा हिरवा चहा पियाल्यात दिला. त्याला पियालाच म्हणतात. आमच्याकडे निजामाच्या वेळचे जे शब्द अजून बोलण्यात आहेत, ते इथे दारोदार भेटले. पियाज, अनार, नान, दस्तरखान, मेहमान. मी इंग्रजी वाक्यांची वही करून आणली होती. आक्का नुसते हदगावच्या बाजारातले शब्द टाकत आणि त्यांचं काम माझ्या आधी होई. एकदाच फसल्या. बाजारात सब्जी मागितली तर बाईनं दोन किलो गाजरं दिली. तिथे सब्जी म्हणजे गाजर.

पण खरी गंमत वेगळीच. मी आक्कांना हाक मारली की घरमालकीण बाई तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून हसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्यात 'आका' म्हणजे थोरला भाऊ. थोरल्या बहिणीला 'ओपा' म्हणतात. नऊवारीतल्या या बाईला मी सारखी दादा, दादा करतेय असं त्यांना वाटत होतं. मी आक्कांना हे सांगितलं.

"खोटं न्हाई," आक्का म्हणाल्या. "बाबा गेले तवा ह्याचा थोरला भाऊ मीच झाले व्हते की."

ह्याचा म्हणजे माझ्या यजमानांचा. मला ते ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

औषधाच्या दुकानावर तिथे 'दोरीखाना' अशी पाटी असते. मी दोन दोरीखाने फिरले. साधी ताप-अंगदुखीची गोळी आणि एक मलम मिळालं. त्यापुढचं हवं तर इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. आक्का म्हणाल्या, असू दे, एवढ्यावर निभेल. त्या खोलीत मोरीपाशी माझ्यावर जास्त नाराज होत्या, कारण दात घासताना मी नळ चालू ठेवला होता. भाजी धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायला घरमालकीण निघाल्या, तर आक्कांनी ते भांडं त्यांच्या हातून घेतलं आणि डाळिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओतलं. घरमालकीण बघत राहिल्या. त्यानंतर आम्ही होतो तोवर त्याही तिथेच ओतत होत्या.

समरकंद

समरकंदला सुंदर रेल्वे जाते, दोन तासांत. निळ्या घुमटांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मला आठवतात त्या पायऱ्या. उंच, दगडी, कठडा नसलेल्या. एका थडग्याकडे जाताना आक्का चाळीसेक पायऱ्या चढल्या, उतरताना त्यांचा उजवा पाय वळला आणि त्या माझ्या खांद्यावर आल्या. पडल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

त्या दिवशी जेवायला पुलाव होता, बोकडाचं मटण, गाजर आणि भात, आणि सोबत गोल जाडजूड नान. ते कधी पालथं ठेवायचं नाही, सुरीनं कापायचं नाही, हातानं मोडून आधी थोरल्या माणसाला द्यायचं. आक्कांना ते फार पटलं. जेवल्यावर त्या झोपल्या आणि मी बाहेर येऊन फोन केला.

तेर्मेझला न्यायला आम्ही बख्तियार नावाच्या एका ड्रायव्हरला ठरवलं होतं. पन्नाशीचा, सोन्याचे दोन दात असलेला, हिंदी सिनेमातलं हिंदी बोलणारा माणूस. समरकंदहून तेर्मेझ मोटारीनं सात तास. सुजलेला गुडघा सात तास मोटारीत मुडपून ठेवायचा, तोही गोळीशिवाय, हे मला नर्स म्हणून मान्य नव्हतं. मी त्याला सांगितलं की तेर्मेझ रद्द, आम्ही इथूनच परत फिरू. तो "अच्छा, अच्छा" म्हणाला. आक्कांना सकाळी सांगू असं मी ठरवलं. त्या विरोध करतील हे मला माहीत होतं, म्हणून आधी ठरवून मोकळी झाले.

बख्तियारला माझं अर्धंच कळलं होतं. सकाळी आठला तो आमच्या मुक्कामाच्या घराच्या अंगणात गाडी पुसत उभा. आक्का पांढरी साडी पिशवीत घालून, मेणबत्त्या आणि अगरबत्ती वर ठेवून तयार होऊन बसल्या होत्या. तो त्यांनाच म्हणाला, "मॅडम का फोन. तेर्मेझ नहीं?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "तू फोन केलास?"

"केला आक्का. गुडघा बघा केवढा झालाय."

"गुडघा माझा हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझं लगीन ठरलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. शाळा सोडवली तवा बी न्हाई. त्याचं काई न्हाई, तसा काळच व्हता. पण तू इचारशील असं वाटलं व्हतं."

बख्तियार गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन काच पुसू लागला.

दवाखान्यात मी पेशंटच्या उशाशी उभी राहून नातेवाइकांशी बोलत असे. यांना काय द्यायचं, यांना कुठे हलवायचं, आणि हे यांना सांगायचं नाही. पेशंट जागा असायचा, ऐकत असायचा. असं किती वर्षं केलं मी, आणि कुणी मला कधी बोललं नाही. मी आक्कांच्या शेजारी जाऊन बसले. गोळ्या मी सुट्या केल्या, ती माझी चूक होती, असं मी म्हणाले. मग विचारलं, "आक्का, जायचं का?"

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पाय जमिनीवर टेकवला, भार देऊन पाहिला, पुन्हा उचलला.

"जायचं," त्या म्हणाल्या. "पण एका दमात न्हाई. मधी एक मुक्काम करू. अन् मागच्या शिटावर मी आडवी, तू पुढं."

माझ्या तीन महिन्यांच्या यादीत मधला मुक्काम नव्हता. बख्तियारनं लगेच नाव सुचवलं, बायसुन. तिथे त्याच्या ओळखीचं घर होतं.

बायसुन

घाट उतरून गाडी खालच्या पट्ट्यात आली आणि आक्का मागून उठून बसल्या. दोन्ही बाजूंना कापूस. नजर जाईल तिथवर पांढरं, आणि डोक्याला फडकी बांधलेल्या बाया वेचणीला लागलेल्या. थांब म्हणून सांगायच्या आधीच बख्तियारनं आरशातून त्यांचा चेहरा बघून गाडी बाजूला घेतली. आक्का समरकंदला घेतलेली काठी टेकत बांधापर्यंत गेल्या. एक बोंड हातात घेतलं, सरकी चाचपली, धागा ओढून पाहिला. शेतातल्या दोघी-तिघी जणी जवळ आल्या. त्या कापसाला पख्ता म्हणतात. आक्कांनी आपले हात पुढे केले. त्यातल्या एकीनं आपले हात त्यांच्या हातांशेजारी धरले, आणि दोघी हसल्या. बोंडाच्या काट्यांचे ओरखडे दोघींनाही नखांशेजारी त्याच जागी होते.

पाटाला पाणी भरपूर होतं. आक्का परत गाडीत येऊन बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "आमची झाडं बी अशीच आली असती. पाणी असतं तर."

बायसुन डोंगराच्या कुशीतलं गाव आहे. बख्तियारच्या ओळखीच्या बाईंचं नाव दिलोरोम, वय आक्कांएवढंच. तिनं आक्का गाडीतून उतरतानाच पाय पाहिला आणि घरात गेली. आम्ही चहा घेईपर्यंत ती तव्यावर मीठ आणि कोंडा गरम करून कापडात बांधून घेऊन आली. आक्कांचा पाय मांडीवर घेऊन शेकू लागली. मी पुढे होऊन सांगितलं की सूज ताजी आहे, गरम नको, गार पट्टी हवी. बख्तियारनं ते भाषांतर करताना माझ्याकडे बोट दाखवून एक शब्द वापरला, 'हमशिरा'. तिथे नर्सला हमशिरा म्हणतात, आणि हमशिरा म्हणजे बहीण. आपल्याकडे दवाखान्यात सिस्टर म्हणतात, तसंच. दिलोरोमनं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं, शेक बाजूला ठेवला, आणि विहिरीचं गार पाणी आणायला उठली. मग गार पट्ट्या मी ठेवल्या. सुजेच्या वर, मांडीला, तिनं शेकलं. आक्का मधे पडून दोघींना सांगत होत्या कुठे दुखतं ते. एक मराठीतून ऐकत होती, एक न कळता.

सकाळी सूज निम्म्यावर आली होती. ती गार पट्टीनं आली की शेकानं, यावर मी आणि आक्का अजून वाद घालतो. निघताना धपाट्यांतले उरलेले दोन आक्कांनी दिलोरोमला दिले. तिनं एक मोडला आणि पहिला तुकडा आक्कांनाच दिला.

तेर्मेझ

फयाझ-तेपा म्हणजे तो विहार. शहराच्या बाहेर, उघड्या माळावर. तिथवर जाताना आजूबाजूला काहीच दिसत नाही. राखाडी माती, बुटकी काटेरी झुडपं आणि वारा. बख्तियारनं दूर हात करून सांगितलं की ती झाडांची ओळ दिसते तिथे नदी आहे, आणि नदीपलीकडे अफगाणिस्तान. आक्का म्हणाल्या, जमीन हदगावच्या माळासारखीच हाय, नुसते दगड कमी.

विहाराच्या भिंती आता कमरेएवढ्या आहेत. भिक्खूंच्या खोल्या, मधली अंगणं, जेवणाची जागा, सगळं जमिनीवर आखून ठेवल्यासारखं स्पष्ट दिसतं. बाजूला मातीचा एक नवा घुमट बांधलाय आणि जुना स्तूप त्याच्या आत राखून ठेवलाय. राखण करायला एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला चौकोनी काळी टोपी. त्यांनी आम्हाला आत जायची वाट दाखवली आणि आक्कांना बसायला स्वतःची तिवई आणून दिली.

आक्का तिवईवर बसल्या नाहीत. बायसुनहून निघतानाच पांढरी साडी नेसून आल्या होत्या. माझा हात धरून त्या हळूहळू जमिनीवर टेकल्या, दुखरा पाय लांब सोडून, दुसरा मुडपून. आतला स्तूप उदगीरच्या घरातल्या धान्याच्या कणगीपेक्षा फार मोठा नव्हता. मी मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली आणि ज्योतीभोवती आडोसा म्हणून धरली. ते तसेच वाकून उभे राहिले.

आक्कांनी त्रिसरण सुरू केलं. विहारात आम्ही सगळे मिळून म्हणतो, तेव्हा त्यांचा आवाज वेगळा कधी ऐकू येत नाही. इथे तो एकटाच होता, जरा बसका, शेतात हाक मारून मारून झालेला. मी पंचशीलापासून त्यांच्याबरोबर म्हणू लागले. संपलं तेव्हा आक्कांचे डोळे कोरडे होते आणि माझे नव्हते. त्या स्तूपाकडे बघत तशाच बसून राहिल्या. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. बख्तियारही बुटांसकट दाराशी बसला होता, आणि एरवी सारखा सिगारेट ओढणाऱ्या त्या माणसानं तिथे सिगारेट काढली नाही.

उठायला त्यांना आम्ही तिघांनी हात दिला. बाहेर उन्हात आल्यावर राखणदार बख्तियारशी काहीतरी बोलले. बख्तियारनं आम्हाला सांगितलं की चाचा म्हणतायत, इथे जपानचे, कोरियाचे लोक येतात, पण हिंदुस्थानातली आजी त्यांनी पहिल्यांदा पाहिली. ते विचारतायत की एवढ्या लांब, असा पाय घेऊन आल्या, तर त्यांनी काय मागितलं?

मी आक्कांना प्रश्न सांगितला.

"मागितलं काई न्हाई," आक्का म्हणाल्या. "आलो म्हणून सांगितलं."

मी ते हिंदीत सांगितलं, बख्तियारनं त्यांच्या भाषेत. टोपी नीट डोक्यावर बसवून राखणदारांनी उजवा हात छातीवर ठेवला, आक्कांकडे बघून किंचित झुकले आणि म्हणाले, "खुश केलिबसिझ."

याचा अर्थ काय, असं आक्कांनी बख्तियारला विचारलं.

"आप आये," बख्तियार म्हणाला, "बहुत अच्छा किया."